चपला घालून आत यावे

सावेडीतल्या ठुबे सरांच्या अंगणात यंदाच्या दिवाळीत जे झालं, त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं, की तिथल्या डब्याचा शॉक बसायचा तो फक्त संस्कारी माणसांना. उद्धट, घाईतली, कुणाची पर्वा नसलेली माणसं तिथून ठणठणीत परत जायची. हे असं का, ते ज्ञानेश्वरीनं शोधून काढलं. त्याला तिला चार दिवस लागले. तेच तिच्या पप्पांना पटायला मात्र भाऊबीज उजाडावी लागली.

डबा हा शब्द शेजाऱ्यांचा. पप्पांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'भ्रमंती'. कोपरगावकडच्या कुठल्याशा साखर कारखान्याचा हा जुना फिरता दवाखाना. ऊसतोड कामगारांच्या तळांवर ट्रॅक्टरमागून हिंडायचा. कारखान्यानं तो मोडीत काढला आणि रंगनाथ सरांनी तो उचलला. परदेशात म्हणे माणसं असं चाकांवरचं घर गाडीला जोडून रानोमाळ फिरतात, वाटेल तिथे थांबतात, प्लग खोचतात आणि चहा पितात. पप्पांनी हे सगळं मोबाईलवर पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते एवढंच, की त्या लोकांच्या गाड्या मोठ्या असतात. ठुबेंच्या चिमुकल्या गाडीला 'भ्रमंती' जोडली असती, तर उतारावर कोण कुणाला ओढतंय हे सांगणं अवघड झालं असतं. म्हणून दसऱ्याला हे फिरतं घर भाड्याच्या ट्रॅक्टरमागून अंगणात आलं, चाकांना विटा लावून बसलं आणि त्यानंतर बोटभरही सरकलं नाही.

ज्ञानेश्वरीला त्याचं तसूभरही दुःख नव्हतं. तिचा जीव भ्रमंतीत नव्हताच, भ्रमंतीच्या दारात होता. त्या दाराला आतून कडी होती.

कडीचं महत्त्व हॉलमध्ये झोपणाऱ्यालाच कळतं. ठुबेंच्या घरात दोन खोल्या. एकीत आईपप्पा, दुसरीत पप्पांच्या शिकवणीची बाकं. राहिला हॉल, तो ज्ञानेश्वरीचा. म्हणजे नावाला तिचा. एरवी तो फरशी घातलेला सार्वजनिक रस्ताच. पाहुणे आले की पुस्तकं उचला, बातम्या लागल्या की भूमिती उचला, शिकवणीच्या पोरांनी "सर आहेत का?" विचारलं की स्वतःला उचला. त्यात यंदा दहावी. दसऱ्याला पप्पांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की भ्रमंती प्रवासात नसेल तेव्हा ती ज्ञानूची खोली. आणि ती प्रवासात नसणार, हे विटांनी त्याच दिवशी जाहीर केलं होतं. आत अजून स्पिरिटचा वास होता, एका भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता आणि दुसऱ्या भिंतीवर 'जुलाब झाल्यास काय करावे' हे चित्रांसह समजावलं होतं. ज्ञानेश्वरीला या सगळ्याचं एवढं प्रेम आलं की तिनं तक्त्यातली शेवटची ओळसुद्धा पाठ करून टाकली.

पहिलं काम पप्पांनी केलं ते पाटी लावायचं. पितळी पाटी, दीड हात लांब: 'श्री. रंगनाथ किसन ठुबे, एम.एस्सी., बी.एड.' पाटी एवढी लांब झाली ती पदव्यांमुळे. 'श्री.'च्या बाजूचा स्क्रू चटकन बसला. 'बी.एड.'च्या बाजूचा काही केल्या आत जाईना, तेव्हा पप्पांनी घरातला टेस्टर घेतला आणि अंगातलं सगळं बळ लावून तो पिळला. त्या टेस्टरमधला दिवा कित्येक वर्षांपूर्वी गेला होता. एका विज्ञान शिक्षकाच्या घरात त्याचा उपयोग स्क्रू पिळायला आणि डालड्याच्या डब्याचं झाकण उचकटायला होत असे.

मग वीज. पोर्चमधल्या प्लगापासून भ्रमंतीपर्यंत लांबलचक वायर ओढली, दिवा, पंखा, एक छोटं फ्रीज जोडलं. पप्पांनी कॉलनीतल्या चार लोकांसमोर बटण दाबलं आणि सगळं घर अंधारलं.

ठुबेंच्या मीटरशेजारी एक चौकोनी खटका आहे. वीज नेमून दिलेली वाट सोडून कुठे भलतीकडे गळायला लागली की तो स्वतःहून पडतो आणि घराचा पुरवठा तोडतो. शहाण्या माणसानं हा इशारा समजावा. पप्पांनी हा अपमान समजला. चार लोकांसमोर झाला होता ना.

गहिनीनाथ इलेक्ट्रिशियन आला. हा माणूस सावेडीत फार लोकप्रिय, कारण तो कधीही नाही म्हणत नाही आणि कुठल्याही आजारावर त्याच्याकडे एकच औषध असतं. त्यानं खटका पाहिला, वायर पाहिली, तीन पिनांचा प्लग हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "ह्यो वरचा जाडा पिन नुस्ता शोभेला असतोय, सर. उडवून टाकू." तो वरचा जाडा पिन म्हणजे अर्थिंगचा. पप्पा तो कशासाठी असतो हे दहावीच्या मुलांना दरवर्षी आकृती काढून शिकवतात, चार मार्कांना येतं. त्यांनी क्षणभर गहिनीनाथकडे पाहिलं, मग दारात ताटकळलेल्या चार लोकांकडे पाहिलं आणि आत जाऊन करवतीचं पातं आणून दिलं. "तात्पुरतं," एवढंच म्हणाले. आपल्याकडे तात्पुरत्या कामाला जेवढं आयुष्य लाभतं तेवढं माणसाला लाभत नाही.

पिन उडाला. बटण दाबलं. खटका पडला नाही. चौघांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरीच्या आईनं, म्हणजे जयानं, भ्रमंतीसमोर सडा घातला, रांगोळी काढली आणि उठताना आधाराला म्हणून दाराजवळची लोखंडी दांडी धरली. तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून समोरच्या बंगल्यातले हनुमंतराव दाढी अर्धी टाकून आले. त्याच वेळी घरातला खटका पडला. पप्पा खटका वर करून आले, त्यांनी दांडी धरली. काही नाही. दोन्ही हातांनी धरली. काही नाही. मग जमलेल्यांकडे तोंड करून त्यांनी प्रेमळ आवाजात सांगितलं, की विजेची भीती ही पुष्कळदा मानसिक असते.

इथे पप्पांच्या पायांबद्दल सांगायला हवं. त्यांना दोन वर्षांपासून टाचदुखी आहे. डॉक्टरांनी जाड रबरी चपला दिल्यात आणि घरातसुद्धा काढायच्या नाहीत असं बजावलंय. रंगनाथ सर आयुष्यात फार थोड्या लोकांचं ऐकतात, पण त्या डॉक्टरांचं त्यांनी असं ऐकलं की आंघोळीपुरत्या आणि झोपेपुरत्या सोडल्या तर चपला पायातून उतरल्या नाहीत. देवघरापुढेसुद्धा ते आता उंबऱ्याबाहेरून, चपलांसकट, लांबूनच हात जोडतात.

पण हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. हनुमंतराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, पुरावा पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही हा त्यांचा बाणा. ते म्हणाले, मी स्वतः पाहतो. दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हणून पायरीखाली चपला काढल्या, ओल्या सड्यावर पाय ठेवला, दांडी धरली, आणि त्यांना पुरावा मिळाला. उरलेली अर्धी दाढी त्यांनी त्या दिवशी केलीच नाही.

आता दर शॉकला घराचा खटका पडू लागला. दिवसातून पाच-सहा वेळा. आईचं मिक्सर बंद, पप्पांची शिकवणी अंधारात, कुणाच्याही तोंडचं वाक्य अर्ध्यावर. आई म्हणाली की लोकांकडे दिव्याखाली अंधार असतो, आपल्याकडे दिव्यासकट आहे. गहिनीनाथला परत बोलावलं. त्यानं दांडी धरून पाहिली. त्याच्या पायात धंद्याच्या रबरी सपाता. त्या तो कुणाच्याही घरी काढत नाही, कारण काढल्या तर शॉक बसतो, हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलेलं. त्याला काही लागलं नाही. त्यानं निदान केलं, की डब्यात काही न्हाई, खटकाच लई नाजूक हाय. "डायरेक्ट करून देतो," म्हणाला आणि खटका बाजूला सारून वायरीला वायर जोडून दिली. त्याचं ते एकमेव औषध हेच. घरात कुत्रा भुंकतो म्हणून चोराऐवजी कुत्र्याला बांधून ठेवावं, तसला हा प्रकार. पण घरात शांतता झाली हे खरं.

शांतता घराला, भ्रमंतीला नव्हे. भ्रमंती चावतच राहिली, फक्त आता गुपचूप चावायची. वसुबारसेला पप्पांनी पूजा घातली. गुरुजी आले ते अनवाणी, ओल्या पंच्यानं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन. विजेला याहून आदर्श माणूस सगळ्या नगर जिल्ह्यात शोधून सापडला नसता. तांब्या पोर्चच्या छपरावर सापडला. गुरुजींनी ओसरीत बसून तीन पेले पाणी प्यायलं आणि वास्तूत अग्नितत्त्व वाढल्याचं सांगितलं. कॉलनीत तोवर दोन तट पडले होते. एक म्हणे, दवाखान्यात गेलेल्या कुणाचा तरी आत्मा आहे. दुसरा म्हणे, साखर कारखान्याची वस्तू आहे, कारखान्याचं भलं होऊ न देणाऱ्यांचा शाप आहे. पप्पा दोन्ही तटांना वैज्ञानिक दृष्टिकोन समजावून सांगायचे. दांडी धरून, चपला घालून.

त्या संध्याकाळी आईनं जाहीर केलं, की भाऊबीजेला कर्जतहून भागूआक्का येणार आहेत. त्या थोरल्या नणंदेला आपल्या अंगणात शॉक बसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला. पप्पांनी ताबडतोब मान्य केलं. शॉक नाहीच, तर बसेल कसा, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता.

ज्ञानेश्वरी मात्र हबकली. तिनं भ्रमंतीत कोनाडा पाहून ठेवला होता. टेबल कुठे, दप्तर कुठे, खिडकीला कुठला पडदा, सगळं. आणि ती कडी. रोज झोपताना हॉलच्या दिवाणावर ती डोळे मिटून मनातल्या मनात ती कडी लावायची. भाऊबीजेला उरले होते पाचच दिवस.

हनुमंतरावांचा सल्ला असा, की कुठल्याही गोष्टीची सुरुवात अर्जानं होते. मग एक दिवस, शॉक नाही हे कुणीतरी तपासून लेखी द्यावं म्हणून, पप्पा अर्ज घेऊन फिरले आणि खरी भ्रमंती त्या दिवशी झाली. वीज कचेरीत मिळकत क्रमांक मागितला. चाकं आहेत म्हटल्यावर म्हणाले, मग ते वाहन, आमच्याकडे येत नाही. वाहनांच्या कचेरीत म्हणाले, इंजिन नाही आणि विटा लावून उभं आहे, म्हणजे बांधकाम. बांधकामवाल्यांनी पाया विचारला. पाया नाही म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार करून सांगितलं की हातगाडीच्या सदरात बसेल, पण मग विकता काय ते लिहावं लागेल. पप्पा छाती काढून म्हणाले, मी शिक्षक आहे. टेबलामागचा माणूस म्हणाला, "हां, म्हणजे क्लासेस." आणि त्यानं तसं लिहिलं. पप्पा घरी आले ते तीन शिक्के आणि एक जखम घेऊन. त्या रात्री ते जेवले, पण चटणी मागितली नाही.

इकडे ज्ञानेश्वरीनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर शॉकचं रजिस्टर उघडलं होतं. डाव्या बाजूला ज्यांना बसला ते: आई, हनुमंतकाका, गुरुजी, भाजीवाली छबूबाई. उजव्या बाजूला ज्यांना नाही बसला ते: पप्पा, गहिनीनाथ, सिलिंडरवाला आणि वॉर्डातले ते इच्छुक उमेदवार, जे पांढरे बूट घालून थेट आत चढले, भ्रमंतीच्या दांडीला धरून सहा फोटो काढून घेतले, जुलाबाच्या तक्त्यापुढे सातवा काढला आणि कुणाला नमस्कार न करता निघून गेले. रजिस्टर तपासायला तिची मैत्रीण सुमैरा आली होती. सुमैरा पलीकडच्या गल्लीत राहते, तिचे अब्बू पीरमहंमद यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिनं दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाली, "चांगली माणसं सगळी डावीकडं गेली गं."

मग म्हणाली, "आणि मला कुठं टाकणार? मला परवा बसला, आज नाही बसला."

"परवा वेगळं काय केलंस?"

"काही नाही. तुझ्या आईनं नुकतंच आतून पुसलेलं, म्हणून सँडल खाली काढले."

दोघींनी एकदम सुमैराच्या पायांकडे पाहिलं. मग रजिस्टरकडे. डावीकडची सगळी माणसं पायरीखाली चपला काढणारी होती. उजवीकडची न काढणारी.

दोघी तशाच पळत दुकानात गेल्या. पीरमहंमद चाचा एका पंपाच्या मोटरमध्ये मान घालून तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मान वर न काढता. मग समजावलं, की आत कुठेतरी तार सोललीय आणि ती पत्र्याला टेकतेय. सगळा डबा करंटमध्ये आहे. चाकं रबराची, म्हणून करंटला जमिनीत उतरायला वाट नाही. तो वाट बघत थांबतो. जो अनवाणी पायांनी ओल्या जमिनीवर उभा राहून हात लावेल, तो त्याची वाट. अर्थिंगचा पिन असता तर हे झालंच नसतं.

पिन कापला आणि खटकाही डायरेक्ट केला, हे ज्ञानेश्वरीनं सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर काढली. "बेटा, आधी घरी जाऊन प्लग काढ," ते म्हणाले. "हसण्यावारी नेऊ नका. आज मुंग्या येतायत, उद्या माणूस जाईल. मी आत्ता येतो, पण सरांनी बोलवायला पाहिजे. न बोलवता एकदा आलो होतो, तुला माहितीय."

माहीत होतंच. मागच्या उन्हाळ्यात कॉलनीच्या बोअरची मोटर उलटी फिरत होती, पाणी येत नव्हतं. पप्पांनी बोअरपाशी जमलेल्या हंड्यांना आणि बायकांना डाव्या हाताचा नियम अर्धा तास समजावला होता, तीन बोटं ताठ करून. तेवढ्यात चाचा आले, दोन वायरींची अदलाबदल केली आणि पाणी आलं. पप्पांची तीन बोटं तशीच हवेत राहिली. तेव्हापासून चाचांचा विषय निघाला की पप्पा म्हणायचे, त्यांचं नॉलेज प्रॅक्टिकल आहे. म्हणायचा सूर असा, जसा आपण एखाद्याबद्दल 'स्वभावानं गरीब आहे' म्हणतो.

ज्ञानेश्वरीनं घरी येऊन प्लग काढला आणि पप्पांपुढे रजिस्टर ठेवलं. चाचांचं नावही सांगितलं, ती चूक झाली. पप्पांनी चष्मा काढला. "मी बावीस वर्षं अर्थिंग शिकवतोय, ज्ञानू."

"शिकवताय. पण केलंय का?"

पप्पांनी तिला विद्युतधारेवरचे चाळीस प्रश्न सोडवायला दिले आणि बाहेर जाऊन प्लग परत लावला. पुढचे तीन दिवस हेच चाललं. ती काढायची, ते लावायचे. ती काढायची, ते लावायचे. लक्ष्मीपूजनालाही काढला आणि लावला. चाळीस प्रश्न तिनं सोडवले. एकोणचाळीस बरोबर आले. चुकलेला एक 'अर्थिंगचे फायदे' यावरचा होता, कारण उत्तरात तिनं घरचा पत्ता लिहिला होता.

भाऊबीजेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली, प्लग काढला आणि वायर गुंडाळून शिकवणीच्या बाकाखाली लपवली. आईला सांगितलं, आज सडा नको. आई म्हणाली, वर्षाचा सण आणि सडा नको? सडा पडला. भ्रमंतीसमोर कमळाची रांगोळी आली. दहा वाजता आत्या आली. भागूबाई म्हणजे उभं, काटक, कर्जतच्या उन्हात वाळलेलं माणूस. काखेत ज्वारीच्या पिठाची पिशवी, हातात शेंगांचं गाठोडं. भावाच्या घरी यायचं म्हणून तिनं चपला फाटकापाशीच काढल्या. ज्ञानेश्वरी तिला पोर्चकडून आत न्यायला धावली.

पण बहिणीला घर दाखवायचं तर दिव्यांच्या माळांसह, असं पप्पांच्या मनात होतं. त्यांनी बाकाखालची वायर शोधून काढली होती. ज्ञानेश्वरीनं वळून पाहिलं तेव्हा भ्रमंतीवरच्या माळा लुकलुकत होत्या आणि पप्पा दारात, दांडीला धरून, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखे उभे होते. आत्या त्यांच्याकडेच वळली.

पायरीखाली, कमळाच्या काठावर, दोघं समोरासमोर आले. थोरल्या बहिणीच्या पाया पडायचं होतं. जगात अशी फार कमी माणसं आहेत ज्यांच्या पाया रंगनाथ सर पडतात, आणि चपला घालून कुणी पाया पडत नाही. देवघराबाहेर चालतं ते आक्कापुढे चालत नाही. पप्पांनी एक चपल काढली. दुसरी काढली. टाच दुखली म्हणून डाव्या हातानं दांडी घट्ट धरली, ओल्या सड्यावर अनवाणी पाय टेकले आणि वाकून उजवा हात बहिणीच्या पायाला लावला.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वर्णमालेत नाही. आत्या "औक्षवंत" म्हणायला गेली होती. 'औ' झाला आणि पुढचा शब्द कापरा होऊन कुठेतरी गेला. शेंगा अंगणभर उधळल्या. पप्पांचा हात दांडीवरून सुटत नव्हता. ज्ञानेश्वरी तोवर पोर्चमध्ये पोचली होती. तिनं प्लग असा उपटला की बोर्डासकट भिंतीतून आला.

माळा विझल्या. पप्पा मटकन कमळावर बसले.

पप्पा एकटक आपल्या चपलांकडे पाहत होते. त्या दोघी शेजारी शेजारी, कोरड्या, निष्पाप, पायरीखाली पडल्या होत्या. बावीस वर्षांचं शिकवणं माणसाच्या चेहऱ्यावरून कसं सावकाश जातं, ते ज्ञानेश्वरीनं त्या दिवशी पाहिलं आणि तिला अजिबात मजा वाटली नाही. थोडीशी वाटली. पण थोडीशीच.

आईनं आत्याला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "भंगारवाल्याचा नंबर माझ्याकडं आहे."

कडी, कोनाडा, तक्त्याची शेवटची ओळ, सगळं ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांपुढून गेलं.

आत्यानं पाणी संपवलं. पदरानं तोंड पुसलं. "जया, विहिरीवरच्या मोटरनं मला तीनदा धरलंय. मंग काय विहीर भंगारात घातली व्हय आमी?" मग तिनं भावाकडं पाहिलं. "उठ रंगा. तुज्या गल्लीत मोटरवाला कुनी हाय का न्हाई?"

पप्पा म्हणाले, "आहे."

ते उठले. चपला घातल्या. धोतर नेसलेले आणि धोतराला मागून गुलाबी कमळ लागलेलं, तसेच चालत पलीकडच्या गल्लीत गेले. ज्ञानेश्वरी मागोमाग. दुकानात पप्पा उंबऱ्यावर थांबले. बोअरचा विषय निघाला नाही, डाव्या हाताचाही नाही. "चाचा," ते म्हणाले, "अर्थिंग नाहीये." चाचांनी हातातली तार ठेवली, टेस्टर खिशात घातला आणि म्हणाले, "चला सर." चिडवलं नाही, सल्ला दिला नाही. येताना फक्त मागून सरांच्या धोतरावरची रांगोळी झटकली.

प्लग बदलला. खटका पुन्हा जागेवर आला. पण तार नेमकी कुठे टेकतेय ते सापडेना. पंखा, फ्रीज, दिवा, सगळं एकेक सुटं करून पाहिलं, सगळं निर्दोष. चाचा बाहेर येऊन पत्र्यावरून बोट फिरवत चालले आणि पितळी पाटीपाशी थांबले. 'श्री.'चा स्क्रू काढला, चकचकीत. 'बी.एड.'चा काढला; त्याचं टोक काळं पडलेलं. पत्र्याच्या आतून जाणाऱ्या वायरीच्या बरोबर पोटात तो घुसला होता.

"म्हणजे एम.एस्सी.चा दोष नव्हता," आई म्हणाली आणि आत निघून गेली. आतून तिचं हसू बराच वेळ ऐकू येत होतं.

अंगणाच्या कोपऱ्यात चाचांनी खड्डा घेतला, पाईप उभा केला, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा आणि दुकानातलं जाडं मीठ थरावर थर घातलं. नगरची जमीन कोरडी. रोज एक बादली पाणी घातलं तरच अर्थिंग जिवंत राहतं, असं त्यांनी बजावलं. बादली कोण घालणार यावर घरात चर्चा सुरू व्हायच्या आत आत्यानं निकाल दिला, की जिची खोली तिनं घालावी. अशा रीतीनं भ्रमंती कुणाची हे कायमचं ठरलं, तेही एका बादलीवर.

पुढच्या आठवड्यात श्रेय घ्यायला माणसं आली. गुरुजींनी सांगितलं, पूजा फळाला आली. हनुमंतरावांना खात्री होती की अर्ज वरपर्यंत पोचला. गहिनीनाथ सायकल टेकवून म्हणाला, मी पहिल्याच दिवशी म्हनलं हुतं, अर्थिंगचं काम हाय. त्याला चहा मिळाला, कारण आपल्याकडे मिळतो.

पाटी कपाटात गेली. तिच्या जागी ज्ञानेश्वरीनं पुठ्ठा चिकटवला, खळीनं, स्क्रू न वापरता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'चपला घालून आत यावे.' सगळं दुरुस्त झालंय हे तिला माहीत होतं. पण चांगल्या माणसांच्या बाबतीत तिला आता धोका पत्करायचा नव्हता.

एका संध्याकाळी ती कडी लावून भूमिती करत बसली होती. दारावर टकटक झाली. या घरात तिच्यासाठी कुणी कधी टकटक केली नव्हती. हॉलला दारच कुठे होतं. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. खाली पप्पा होते, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तिनं नुकतीच खड्ड्यात बादली ओतली होती, पायरीखालची माती ओली होती. पप्पांनी पुठ्ठा वाचला. मग दोन्ही चपला काढल्या, ओल्या मातीत अनवाणी उभे राहिले, एकदा डोळे मिटले आणि दांडी धरली.

काही झालं नाही. त्यांनी डोळे उघडले.

"आत येऊ का?" पप्पांनी विचारलं.

ज्ञानेश्वरीनं प्रमेयाची शेवटची ओळ पूर्ण केली, खाली रेघ मारली आणि मग सावकाश उठून कडी काढली.